घरचे ब्रेक

ज्या माणसाला डोंगराने कधी नेलं नाही, तो, माझा नवरा, आमच्या सायकलच्या दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेला. समोर स्टँडला एका गिऱ्हाइकाचं वाकडं चाक लावलेलं, हातात स्पोकची चावी, आणि माझ्याशी बोलता बोलता मध्येच गप्प झाला. मला वाटलं, चाकाचा आवाज ऐकतोय. चाक सरळ करताना तो असाच गप्प व्हायचा, आणि तेव्हा आपण बोललेलं त्याला आवडायचं नाही. म्हणून मीही गप्प राहिले. चाक फिरायचं थांबलं तरी तो तसाच बसून होता, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

भेटायला येणाऱ्यांना हे पटायचंच नाही. जो तो आधी विचारायचा, कुठल्या उतारावर पडला? दुकानात, मी सांगायची. दुकानात पडला? पडला नाही हो, बसला होता. मग त्यांचा जरा विरस व्हायचा. सायकल घेऊन डोंगर पालथे घालणारा माणूस डोंगरावर जायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना दारापर्यंत सोडायची आणि परत येऊन एखादी चेन पुसायला घ्यायची.

मी रडले नाही. माझ्या नणंदेने स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने, की वहिनी दगड झाली आहे. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही. तिचं चुकलंही होतं. दगड निदान उन्हात तापतो.

दुकान मी लगेचच उघडलं. घरी बसून काय भिंती मोजायच्या? आणि हात चालत होते. बाकी काही चालत नव्हतं, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, झोप लागली की नाही ते सकाळी आठवत नव्हतं, पण हात चालत होते. पंक्चर, गिअरची वायर, बेअरिंगमधलं ग्रीस. हातांना मालकीण लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. गिऱ्हाइकं माझ्याशी आवाज खाली आणून बोलायची. रविवारी नवऱ्याबरोबर डोंगरावर जाणाऱ्या मंडळींतला दातांचा डॉक्टर तर नुसता मला बघायला यायचा आणि काही तरी विचारायचं म्हणून चेनच्या तेलाबद्दल विचारायचा. मी त्याला दर वेळी बाटली विकली. त्याच्या घरी आता दाराच्या बिजागऱ्यांना आयुष्यभर पुरेल इतकं तेल असेल.

आमच्या घरातल्या सायकलींची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सायकलचा पुढचा ब्रेक जोरदार असतो, उतारावर सगळी मदार त्याच्यावर. आणि तोच एकदम दाबला गेला, तर मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. आमच्याकडे सगळे पुढचा ब्रेक उजव्या हाताला लावतात. पण तरुणपणी माझ्या नवऱ्याचा उजवा अंगठा डोंगरावर मोडला आणि वाकडाच जुळला. त्या हाताची पकड गेली. मग त्याने आपल्या सायकलचा पुढचा ब्रेक डावीकडे घेतला. तेवढ्यावर भागलं असतं. पण लग्न होऊन मी आले, तशी न विचारता माझ्याही सायकलचे ब्रेक त्याने उलटे केले. का, म्हणून मी भांडले. तर म्हणे, घरातली कुठलीही सायकल घरातल्या कुणालाही चालवता यायला हवी. पुढे आमच्या मुलीची पहिली छोटी सायकल आली, तीही तशीच. दुकानात त्याची म्हणच होती: घरचे डावे, गिऱ्हाइकाचे उजवे.

मुलगी आमची लहानपणापासून कठड्यांवर, भिंतींवर चढणारी, म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. आता कॉलेजात आहे तरी खारूच. वडील गेल्यावर ती ढसाढसा रडली, जेवली, झोपली, पुन्हा रडली. सगळं रीतसर. मला तिचा हेवा वाटला असता, पण तेही जमलं नाही.

एका शनिवारी ती दुकानात आली आणि म्हणाली की उद्या रविवारच्या मंडळींबरोबर ती डोंगर उतरणार आहे, बाबांच्या सायकलवर. आजवर ती उतरली होती ती वडिलांच्या मागून, त्यांचं मागचं चाक बघत. त्या वाटेवर मधे एक जागा आहे, तिला सगळे जिना म्हणतात. दगडांच्या पायऱ्या, एकीखाली एक, आणि डाव्या हाताला नुसती दरी. तिथे वजन मागे टाकायचं आणि पुढचा ब्रेक अगदी हलक्या बोटाने धरायचा असतो. आई म्हणून माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. मी म्हटलं, जा. सायकल तयार करून ठेव म्हणाली. म्हटलं, ठेवते.

त्याची सायकल आतल्या खोलीत हुकाला टांगलेली होती. जुनी होती. बाकीच्यांनी केव्हाच तेलाचे ब्रेक घेतले, हा वायरीवरच अडून बसला. वायर डोंगरावरसुद्धा एका चावीने नीट करता येते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी सायकल स्टँडवर चढवली. चेन धुतली, चाकं फिरवून बघितली. ब्रेकच्या वायरींना गंज चढला होता, त्या ओढून काढल्या, भंगाराच्या टोपलीत टाकल्या, नव्या घातल्या. तिच्याआधी स्टँडवर एका मास्तरांची सायकल होती, तिच्यानंतर एका पोस्टमनची. सगळं एका ओळीत झालं. संध्याकाळी मी हात धुतले तेव्हा कुठली सायकल आधी आणि कुठली नंतर, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी दातांचा डॉक्टर गाडी घेऊन आला. खारूने सायकल स्वतः उचलून गाडीमागच्या स्टँडवर चढवली, पट्टे आवळले, मला हात केला. मीही केला. मग शटर वर केलं आणि रोजच्यासारख्या आतल्या सायकली बाहेर मांडायला घेतल्या.

दुकानाच्या दारात छोटा उतार आहे. माझी स्वतःची सायकल बाहेर काढताना ती पुढे धावू लागली म्हणून मी उजव्या हाताने ब्रेक दाबला. मागचं चाक धरलं गेलं. बरोबरच होतं, घरची सायकल. उजवा मागचा. मग त्याची सायकल डोळ्यांसमोर आली. काल उजव्या हाताखाली मी कुठली वायर घातली होती?

आठवायची गरजच नव्हती. हातांनी सगळ्या सायकलींना केलं तेच तिलाही केलं होतं. मास्तरांची, त्याची, पोस्टमनची. पुढचा उजवीकडे. जन्मात कधी अशी सायकल न चालवलेली माझी पोरगी ती घेऊन जिन्यावर चालली होती. तिथे भीती वाटली की ती उजवा ब्रेक घट्ट दाबणार, मागचा समजून.

मी फोन केला. डोंगराच्या त्या अंगाला रेंज नसते. डॉक्टरला केला, त्याचाही लागला नाही. दुकान तसंच उघडं टाकून मी सायकलवर बसले.

शेवटची गल्ली संपली की पाण्याची टाकी लागते आणि तिथून कच्चा रस्ता वर जातो. नवरा गेल्यापासून मी सपाट रस्त्यावरसुद्धा सायकल चालवली नव्हती. पहिल्याच चढाला मांड्या भरून आल्या. दुसऱ्या वळणावर छातीत दुखायला लागलं. मला आठवतंय, मनात आलं, अरे, दुखतंय. बऱ्याच दिवसांनी काही तरी लागलं होतं. आणि त्याच्या मागोमाग तो गोळा आला पोटात, कालपासून यायचा राहिलेला, सगळा एकदम. मी उतरून सायकल ढकलत पळू लागले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. एका वळणावर डॉक्टरची गाडी होती, मोकळी, मागचे पट्टे लोंबत होते.

नवऱ्याची एक सवय होती. उतार सुरू व्हायच्या आधी थांबायचं, एक ब्रेक दाबून सायकल ढकलून बघायची, मग दुसरा दाबून. दर वेळी. आम्ही दोघी त्याला हसायचो. खारू तर म्हणायची, बाबा म्हाताऱ्यासारखे दार लागलंय का ते दोनदा बघतात. त्या वाटेवर मला एकच विचार होता, की आज ही पोरगी हसली नसली म्हणजे मिळवलं.

माथ्यावर कुणी नव्हतं. टायरांचे माग एकात एक मिसळून खाली गेले होते. त्यात तिचा कुठला, ते मला सांगता येईना. आयुष्यभर टायर विकून मला माझ्या मुलीच्या टायरचा माग ओळखता आला नाही. मी सायकल तिथेच टाकली आणि पायवाटेने उतरू लागले. हाका मारल्या. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

वळणापलीकडे जिना सुरू होतो तिथे त्याची सायकल आडवी दिसली. मी खालीच बसले. तशीच बसल्या बसल्या पुन्हा बघितलं. चेन वरच्या बाजूला होती. सायकल पडते तेव्हा ती कशीही पडते. ठेवतानाच माणूस चेन वर करून ठेवतो, आणि तेही आमच्या दुकानात वाढलेला. सायकल कुणीतरी नीट ठेवली होती.

खारू बाजूच्या दगडावर बसली होती, गुडघ्यांवर हेल्मेट घेऊन. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी हाका मारल्या त्या तिने ऐकल्या होत्या आणि ओ दिली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. माथ्यावर थांबून तिने ब्रेक बघितले होते, बाबा बघायचे तसे. मग बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं आणि सायकल हाताने धरून इथवर आली. का आलीस इथवर, मी विचारलं. जिना बघायचा होता, म्हणाली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला धरलं असतं, पण ती जरा सरकली.

"तू ब्रेक बदललेस," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही. वायरी गंजल्या होत्या. नव्या घातल्या, तेव्हा..."

"मला कळलं काय झालं ते. तू बाबांची सायकल गिऱ्हाइकाची केलीस."

ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. ती अगदी हळू बोलली, दवाखान्यात बोलतात तशी. आपण मरता मरता वाचलो, याबद्दल तिला माझ्याशी भांडायचंच नव्हतं. हे दुसरंच तिला लागलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. त्या सायकलवर त्याने हाताने लावलेलं एवढं एकच शिल्लक होतं, आणि ते मी काढून टोपलीत टाकलं होतं.

मी म्हटलं, थांब, आत्ता करून देते. दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात स्क्रूची एक छोटी चावी असते, ती काढली. सायकल उभी केली, खारूने ती दोन गुडघ्यांत धरली. हे काम मी डोळे मिटून करते. वायर सैल करायची, तिचं मुंडकं ब्रेकच्या दांड्यातून सोडवायचं, दुसऱ्या दांड्यात बसवायचं. मी स्क्रूला चावी लावली आणि ती बसेना. पुन्हा लावली. हात ऐकेनात. उजवा डाव्याने धरला, तर डावाही तसाच. उजव्या मुठीवर रबर एका बाजूने झिजलं होतं, वाकडा अंगठा टेकायचा तिथे. ते मी काल पुसलं होतं, फडक्याने, बाकीच्या सायकलींसारखं. काल मला दिसलं नव्हतं.

चावी माझ्या हातातून खाली पडली. मग मी रडले. कसं रडले ते मला सांगता येणार नाही, पण खालच्या वळणावर थांबलेल्या दातांच्या डॉक्टरने नंतर सांगितलं की त्याला वाटलं, कुणीतरी पडलं. खारूने सायकल सोडली नाही. एका हाताने तिने ती धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने मला. आता ती सरकली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने वाकून चावी उचलली, शर्टाला पुसली आणि स्क्रू सैल करायला लागली. नाक ओढत, एकीकडे माझ्यावर लक्ष ठेवत. तिचे हात अगदी त्याच्यासारखे चालतात, फक्त अंगठा सरळ आहे. वायर बाहेर आली, तेव्हा ती थांबली.

"डावा पुढचा ना?" तिने विचारलं.

तिला ठाऊक होतं. वदवून घ्यायचं होतं माझ्याकडून.

"डावा," मी म्हटलं. "आपल्या घरची आहे."