तौलानने बांधलेला झरा

तुनुकबुलाक शहराच्या डोक्यावर, अक्रोडाच्या रानाखाली एक झरा होता. त्याची राखण आधी बुरुलच्या सासऱ्याकडे होती, मग नवऱ्याकडे. नवरा लढाईवरून परतला नाही, तेव्हा ती आपसूक बुरुलच्या गळ्यात आली. झऱ्यात जनावर शिरू द्यायचं नाही, पालापाचोळा काढायचा आणि नवसाच्या चिंध्या फांद्यांना बांधून बाया गेल्या की त्यांच्यासाठी दुवा मागायची, एवढंच काम.

शहर मात्र कालव्याचं पाणी प्यायचं. वरच्या वस्त्यांची मेंढरं ज्यात उतरायची, तेच पाणी खालच्या रांजणांत. उन्हाळा लागला की घरोघरी पोरं तापानं फणफणायची. बुरुलची लेकसुद्धा त्यातच गेली. चार दिवस आत्याकडे शहरात राहायला गेली होती, तेवढंच निमित्त झालं.

तरीही नगरपालिकेनं झरा बांधून नळानं पाणी खाली न्यायचं ठरवलं, तेव्हा बुरुलला ते रुचलं नाही. त्यात कामावर आलेला गवंडी परका. तौलान कॉकेशसच्या डोंगरातला. लढाईच्या काळात फितुरीचा आळ घेऊन सरकारनं त्याच्या सबंध जमातीला मालगाड्यांत कोंबून इकडे आणून टाकलं होतं. त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या कमांडंटपुढे हजेरी लावल्याशिवाय त्यांना सुटका नव्हती. त्याची बोली किर्गिझला जवळची, शब्द ओळखीचे, हेल तेवढा निराळा.

"झऱ्याला कोंडायला आलास होय रे?" बुरुलनं पहिल्याच दिवशी त्याला अडवलं.

"कोंडणं काय असतं ते मला ठाऊक आहे, एजे," तो म्हणाला. इथल्यासारखंच तो थोरल्या बहिणीला एजे म्हणायचा. "मी नुसतं छप्पर घालतोय. वरून घाण पडू नये म्हणून."

तिनं त्याला चहाही विचारला नाही. तो रोज खणत होता, दगड घडवत होता आणि ती लांब बसून डोळ्यांत तेल घालून बघत होती.

शरद ऋतूतल्या एका सकाळी ती बादली घेऊन गेली, तर झरा कोरडा. तळाशी ओली खडी तेवढी चमकत होती. तौलान काठावर बसला होता, कोपरापर्यंत चिखलानं माखलेला.

"चूक माझी आहे, एजे. पाया जरा जास्तच खोल नेला. खाली चिकणमातीचा थर होता, तो फुटला. पाणी त्याच्यावर टेकून वर येत होतं. आता ते सगळं खाली जिरतंय."

बुरुलच्या अंगाची लाही लाही झाली. "तुझे हात झडोत!" ती ओरडली. "शेकडो वर्षांचा झरा! आणि तू गिळलास!"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. तोवर शेजारची म्हातारी उमसुनाय धापा टाकत वर आली. शहरात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. तिनं खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. बातमी वाऱ्यासारखी खाली गेली. दुपारी कमांडंट घोड्यावरून हजर झाला.

"हा घातपात आहे," तो म्हणाला.

त्या शब्दापुढे काय येतं ते सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना तो शब्द चिकटला, त्यांच्या बायका अजून वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. तौलान कबुली द्यायला उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नजर खाली गेली नव्हती. बुरुलला आपला नवरा आठवला. लढाईवर जायला गाडीत चढताना तोही असाच ताठ उभा होता.

"कसला घातपात, साहेब!" ती एकदम म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "हा झरा रुसतो मधून मधून. बर्फ कमी पडलं की आटतो. माझ्या सासऱ्याच्या वेळीही आटला होता."

"खरं का हे, म्हातारे?" कमांडंट उमसुनायकडे वळला.

उमसुनायनं कमरेवर हात ठेवले.

"खरं नाही तर काय? माझ्या लग्नात वऱ्हाडाला हात धुवायला थेंब नव्हता. सासू जन्मभर टोमणे मारत मेली!"

कोणीतरी हसलं. कमांडंटनं दोघींकडे रोखून पाहिलं. "बर्फ पडायच्या आत पाणी दिसलं पाहिजे," एवढं बोलून त्यानं घोडा वळवला.

तो नजरेआड होताच बुरुल तौलानवर खेकसली, "आता बसलास काय मख्खासारखा? काय लागेल ते सांग!"

"चिकणमाती," तो म्हणाला. "ढिगानं. बकऱ्याचे केस घालून तुडवलेली. आणि तुडवायला पाय."

पायांना काय तोटा! तंदूर बांधणाऱ्या बायांना माती मळायला शिकवावी लागत नाही. गाढवांवरून माती आली. बायांनी सलवारी गुडघ्यापर्यंत खोचल्या आणि थंडीत त्या माती तुडवू लागल्या. शिवीगाळ, गाणी, हसणं सगळं त्यात तुडवलं गेलं. तौलान खड्ड्यात उतरून एकेक गोळा ठोकून बसवायचा. बुरुल त्याला वरून गरम चहा आणि नान द्यायची, आणि "आधी खा!" म्हणून दटावायची.

शेवटचा थर बसल्यावर सगळे काठाशी थांबले. बराच वेळ काही झालं नाही. मग एका कोपऱ्यात माती काळवंडली, ओल पसरली, आणि खडीतून बोटाएवढी धार वर आली. उमसुनाय खाली बसली आणि तिनं ओंजळ भरून आधी तौलानपुढे धरली.

वसंतात बाजारात पहिला नळ सुटला. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यांत तापाची साथ आली नाही. गल्लीतली पोरं नळाखाली डोकी धरून किंचाळायची. बुरुल भिंतीशी उभी राहून त्यांच्याकडे बघायची. डोळे भरून यायचे, पण त्या रडण्यात आता जळजळ नव्हती.

काही वर्षांनी तौलानच्या लोकांना मायदेशी परतायची मुभा मिळाली. स्टेशनवर अर्धं शहर लोटलं. कोणी कुरुताची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी दिली, कोणी रजई.

"एजे, त्या दिवशी तू मला जन्म दिलास," तो म्हणाला. "त्याची फेड कशी करू?"

"गप रे," बुरुल म्हणाली. "शहरातली एवढी लेकरं जगली, ती कोणामुळे? तुझं देणं आम्हीच लागतो." तिनं त्याचं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला.

दर वसंतात तौलाननं झऱ्यावर बांधलेली टाकी धुवायला आजही शहर वर जमतं. माणसं आत उतरून भिंती घासतात, बाहेर कढईत पुलाव शिजतो. जेवणाआधी सगळे तळहात उघडून बसतात. बुरुल होती तोवर दुवा तीच मागायची. आधी तौलानसाठी, मग त्याच्या लेकराबाळांसाठी, मग त्याच्या डोंगरांतल्या मेंढरांसाठीसुद्धा, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच्या शहरासाठी.

"आवर की गं," उमसुनाय डोळे पुसत कुरकुरायची. "भात गार होतोय."