घरातला जोड

"चपला कुठायत, मावशी?"

उंबऱ्यात उकिडवी बसलेली नर्सबाई पट्टी उलगडता उलगडता विचारत होती. मावशींचा पाय तिच्या मांडीवर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या पायाखालची फरशी पुसणाऱ्या मावशींना आपला पाय असा कुणाच्या मांडीवर ठेवायचा म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"आहेत की."

"पायात दिसत नाहीत."

"ट्रंकेत आहेत. नव्याकोऱ्या. कागदसुद्धा काढला नाही," मावशी अभिमानानं म्हणाल्या.

नर्सबाईचे हात थांबले. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेल्यांना वस्तीतल्या दवाखान्यातून या मऊ तळाच्या चपला फुकट मिळत. चांभार एकेकाच्या पायाचं माप घेऊन करी. तरी मावशींच्या अंगठ्याखालची जखम का भरत नाही, म्हणून नर्सबाईनं डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती.

"कशासाठी ठेवल्यात?"

"नातीच्या लग्नात घालीन."

"नात कितवीत आहे?"

"दुसरीत."

आत भांडी विसळणारी सून फिसकन हसली. नर्सबाई नाही हसली. "जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, मावशी."

"दहा बोटं आहेत. एक गेलं तर काय बिघडतं?"

"पलीकडच्या धोबीणकाकूही असंच म्हणाल्या होत्या."

धोबीणकाकूंचा एक पाय आता गुडघ्यापाशी संपत होता. मावशींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "घालून तरी काय करू, बाई? गल्ली ओलांडली की पहिलं घर. तिथं दारात काढायच्या. दुसऱ्या घरी पुन्हा दारात. दिवसभर मी ओल्या फरशीवर अनवाणी, आणि या बाहेर ऐटीत बसलेल्या. त्यांच्या तब्येतीला काय धाड भरलीय?"

नर्सबाई आता मात्र हसली. "तुम्ही एकट्याच नाही, मावशी. घरकाम करणाऱ्या सगळ्या बायकांचे पाय आमच्याकडे असेच येतात. वर सांगून सांगून घसा कोरडा केला, तेव्हा कुठं परवा दुसरा जोड मंजूर झाला. घरात घालायचा. उद्या येऊन घेऊन जा." पट्टीची गाठ मारून तिनं पाय अलगद खाली ठेवला. "पण लोकांच्या घरात तो घालायची परवानगी मला देता येत नाही. ती तुम्हालाच मागावी लागेल."

दुसऱ्या दिवशी दवाखाना करून, ट्रंकेतला जोड पायात आणि घरातला पिशवीत, अशा मावशी वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या. हे काम सगळ्यांत जुनं. वहिनी त्यांच्याच वयाच्या, आजारही दोघींचा एकच. मागं वहिनींच्या टाचेला जखम झाली, तर डॉक्टर घरी आले, पाय उशीवर ठेवला गेला आणि पंधरवड्यात जखमेनं कातडी धरली. त्या उशीचे अभ्रे मावशींनीच धुतले होते, स्वतःच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून.

वाटेत घोकलेलं वाक्य दारात विसरलं. मावशींनी मुकाट्यानं जोड बदलला, आत पाऊल टाकलं आणि थेट फडकं पिळून फरशी पुसायला घेतली.

"मावशी, चपला?" खुर्चीतून वहिनींचा आवाज आला.

"घरातल्याच आहेत, वहिनी. बाहेरची धूळ यांना ठाऊक नाही. पायासाठी दवाखान्यातनं दिल्यात." मावशींनी फडकं पुन्हा पिळलं. "चालत नसेल तर तसं सांगा. मी दुसरं घर बघीन. अंगठा काही मला दुसरा बघता यायचा नाही."

एवढं आपण बोललो, याचा त्यांनाच धक्का बसला. वहिनींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिथंही तसाच मऊ तळ होता, रंग तेवढा बदामी.

"इकडे या. बघू."

"फरशी ओली आहे."

"असू दे. या म्हणते ना."

वहिनींनी चष्मा सावरून पट्टीभोवतालची काळवंडलेली कातडी पाहिली. "कधीपासून?"

"तुमची टाच दुखत होती तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मावशी म्हणाल्या. आज ऊन फार आहे, असं म्हणावं तसं.

वहिनी बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "हा जोड रोज ने-आण करू नका," अखेर त्या म्हणाल्या. "इथंच राहू दे. माझ्या चपलांशेजारी."

मावशी वळल्या आणि थबकल्या. फरशी पुसायची ती मागं मागं सरकत. त्यामुळं इतक्या वर्षांत या घरात त्यांचं पाऊल कधी उमटून राहिलंच नव्हतं. आज फडक्याच्या बादलीपासून खुर्चीपर्यंत ओल्या फरशीवर रांगेनं चपलांचे ठसे उमटले होते. रुंद, ठसठशीत.

सवयीनं हात फडक्याकडे गेला. मग मावशींनी बादली उचलली आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. ते ठसे त्यांनी शेवटी पुसायला ठेवले.