भाऊजींची कवळी

ताईचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा भाऊजी तिच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. धाकटी बहीण हातापाया पडली, "दवाखान्यात न्या हो!" भाऊजी चर्चचे पाळक. म्हणाले, "वाचवायचं की न्यायचं, ते देवानं आधीच ठरवलंय." ताई गेली. कबरीपाशी त्यांनी उपदेश केला, "मला असं का घडवलंस, हे मातीनं कुंभाराला विचारू नये." लोकांनी डोळे पुसले. धाकटी दातओठ खात उभी राहिली. तिनं तिथेच डूख धरला.

ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दोन वर्षांनी भाऊजींचे दात काढले, आणि माप तिच्याच टेबलावर आलं. तिनं कवळी झकास बनवली. डॉक्टरांनी बसवून पाहिली आणि फक्त चकाकी द्यायला परत पाठवली. तेव्हा तिनं वरच्या कवळीची मागची कड घासून टाकली. त्या कडेच्या जोरावरच कवळी टाळूला धरून राहते. मग चकाकी देऊन ती शनिवारी रात्री थेट भाऊजींच्या घरी पोचती केली.

रविवारी ती मुद्दाम पुढच्या बाकावर बसली. भाऊजी "परमेश्वर" म्हणायला गेले आणि वरची बत्तीशी खटकन खाली आली. बसवली, पुन्हा पडली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खं चर्च.

दुसऱ्या दिवशी भाऊजी रुमालात कवळी गुंडाळून लॅबमध्ये आले.

"डॉक्टर म्हणतात, मुद्दाम घासलीय. तू केलंस?"

"मी कोण करणारी, भाऊजी? शास्त्रातल्या त्या फारो राजाचं मन देवानंच कठीण केलं ना? माझंही केलं असेल."

"शास्त्राशी खेळू नकोस!" बोळक्या तोंडातून थुंकी उडाली. "फारोनं आधी स्वतःच मन कठीण केलं होतं. पाप दाराशी टपलंय, त्याला आवर, असं देवानं काइनाला भावाच्या खुनाआधी बजावलं होतं. आवरता येत नसतं तर बजावलं कशाला असतं? तुलाही आवरता येत होतं!"

"येत होतं," ती म्हणाली. "हे मीच केलं. देवाच्या माथी मारणार नाही. आता तुम्ही सांगा. ताईला दवाखान्यात नेता येत होतं की नाही?"

भाऊजी हातातला रुमाल चाळवू लागले. मग पुटपुटले, "कुंभार..."

"कुंभार राहू दे. तुमचं बोला."

ते स्टुलावर बसले. "येत होतं. पण लोक म्हणाले असते, पाळकाचाच विश्वास कच्चा."

हेच ऐकायला ती दोन वर्षं थांबली होती. वाटलं होतं, ऐकून जीव थंडावेल. पण आग आणखीच भडकली. चारचौघांत मान राहावा म्हणून तिची ताई गेली होती.

"एवढी दुरुस्त करून दे," भाऊजी म्हणाले.

"नाही. आणि हे 'नाही'सुद्धा माझंच, देवाचं नव्हे."

लॅबच्या मालकानं आतून सगळं ऐकलं होतं. त्यानं तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिनं हातावरचं प्लास्टर धुतलं, ती थेट चर्चच्या पंचांकडे गेली आणि भाऊजींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"सूड घेणं देवाचं काम आहे, पोरी," थोरले पंच म्हणाले.

"ठाऊक आहे. तरी घेतेय."

महिन्याभरात पंचांनी भाऊजींना पाळकपदावरून उतरवलं. चर्चच्या घरातून सामान उचलून ते गेले, तेव्हा ती रस्त्यापलीकडे उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.