माझ्या पोटातली चळत

मित्रांनो, मी एक जुनी, पत्र्याची मतपेटी आहे. डोक्यावरच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ, एवढंच माझं आभाळ! पण त्यातून कागद असे अलगद उतरायचे, की वाटायचं, पोटात पिसं पडताहेत.

मला घडवलं पत्रेवाल्या काकांनी, पण कामाला लावलं प्राध्यापकबाईंनी. त्या राज्यशास्त्र शिकवायच्या. देशातल्या पहिल्याच निवडणुकीचे नियम लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "नियम कागदावर शहाणेच दिसतात. माणसांत नेऊन बघू," असं म्हणत त्यांनी एका धुलाई कारखान्यात मतदानाची रंगीत तालीम घेतली. प्रश्न मात्र तिथे काम करणाऱ्या बायकांनी खराखुरा निवडला: मुकादम बदलावा का?

मुकादम दारातच खुर्ची टाकून बसला आणि आत जाणारीचं नाव ओळीने वहीत टिपू लागला.

शेवटी झाकण उघडलं. कागद एकावर एक, आले त्याच क्रमाने, घडीच्या कपड्यांसारखे!

"अगं बाई, वरचा माझाच! शेवटची मीच होते ना!" इस्त्रीवाली मावशी हरखून म्हणाली.

"मग वरूनच मोजू या की," मुकादम गोड हसला. "यादी आहेच माझ्याकडे."

मावशीच्या तोंडचं पाणीच पळालं. घरात कमावणारी ती एकटी.

प्राध्यापकबाई लगबगीने पुढे आल्या. "चुकलंच माझं! पडदा लावला, शिक्का दिला, आणि ही चळत ध्यानातच आली नाही."

त्यांनी झाकण लावलं, मला उचललं आणि गदागदा हलवलं. अहाहा! पोटात जणू पाखरांचा थवा उडाला. मग मला चादरीवर उपडं केलं.

"मावशी, आता ओळखा तुमचा कागद."

"छे हो! आता मलाच नाही सापडायचा!"

मुकादम पडला, तोही दणदणीत! कुणी पाडला, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

त्याच दिवशी बाईंनी नियम लिहिला: मोजण्याआधी सगळ्या पेट्यांतले कागद एकत्र मिसळावेत. पुढे मी होडीतून फिरले, डोंगर चढले. लोक मला हळूच हात लावायचे, झोपलेल्या बाळाला लावावा तसा. मग नव्या पेट्या आल्या आणि मी तुमच्या शाळेच्या अडगळीत पडले. बाईही आता नाहीत.

पण अडगळीच्या उघड्या दारातून समोरचा वर्ग मला दिसतो. मॉनिटर निवडताना तुम्ही हात वर करता. मागच्या बाकावरची एक मुलगी आधी इकडेतिकडे बघते, मग सगळ्यांचे हात वर गेले, की आपलाही वर करते.

मित्रांनो, माझी धूळ झटका आणि मला वर्गात न्या. तिच्या कागदापुरती जागा माझ्यात अजून आहे.