बरंय म्हणणाऱ्याच्या पायातला रॉड

मी एक रॉड बोलतोय. पडद्याचा नव्हे, माणसाच्या मांडीच्या हाडात घालतात तो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. गोड गोड काही ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

माझा जन्म कारखान्यातला. कातलं, घासलं, अंगाला भोकं पाडली आणि दुहेरी पाकिटात बंद करून हॉस्पिटलच्या कपाटात ठेवलं. तिथे मी आपला गप्प पडून होतो. आपला नंबर लागावा अशी इच्छा रॉडने धरायची म्हणजे कुणाचं तरी हाड मोडावं अशी इच्छा धरायची. मी ती कधी धरली नाही, एवढं पुण्य माझ्या खात्यावर आहे.

पण हाड मोडलंच. एक केस कापणारा माणूस दुकानाचे धुतलेले टॉवेल घेऊन रस्ता ओलांडत होता. पांढऱ्या पट्ट्यांवरून, अगदी शहाण्यासारखा. गाडीवाला फोनमध्ये डोकं घालून वळला. टॉवेल रस्ताभर झाले आणि याच्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे. गाडीवाला उतरला तो आधी बंपर बघायला! हे मी बघितलेलं नाही, याच्या बायकोच्या तोंडून ऐकलंय. पण तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला तळपायही नाही आणि मस्तकही नाही, तरी गेली.

डॉक्टरांनी मला हातोडीने ठोकून हाडात बसवलं आणि वर-खाली स्क्रू मारले. मग एक्स-रेचा फोटो काढला. "वा, काय सुंदर बसलाय रॉड!" ते म्हणाले. नर्स म्हणाली, "खरंच, सरळ रेषेत." मीही मूर्ख, फुगलो. पुढे माझाच तो फोटो माझ्या माणसावर उलटणार आहे, हे मला कुठे ठाऊक?

आता या माणसाबद्दल सांगायला हवं. दुकान छोटं. एक आरसा, एक खुर्ची, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. काम दिवसभर उभ्याने. आणि त्याच्या वडिलांनी कात्रीसोबत त्याला एक शिस्तही दिलेली. खुर्चीतल्या माणसाला आपलं दुखणं सांगायचं नाही. तो स्वतःचं तोंड बघायला आलाय, आपलं रडगाणं ऐकायला नाही. कुणी विचारलं, "कसं काय?" की उत्तर एकच, "बरंय." ताप असो, घरात आजारपण असो, बरंय. अपघाताच्या दिवशी स्ट्रेचरवरून नेताना एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "अरे, कसं काय?" तर हा म्हणाला, "बरंय." बायकोने तिथेच कपाळाला हात लावला.

हाड जुळलं, पण पाय किंचित आखूड झाला. गुडघ्याजवळचा माझा खालचा स्क्रू बाहेर डोकावून आतल्या मांसाला घासायला लागला. उभं राहिलं की टोचायचं. डॉक्टर म्हणाले, पुढे रॉड काढावा लागेल, म्हणजे दुसरं ऑपरेशन. टोचणं थांबेल, पण पूर्वीसारखं दिवसभर उभं राहणं आता विसरा. हा काय म्हणाला असेल? "बरं."

गाडीचा विमा होता. भरपाई द्यायची होती त्या विमा कंपनीने. त्यांचा साहेब पहिल्या भेटीत माझा फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, "छानच झालंय की काम! हाड जुळलं, रॉड जागेवर आहे. हॉस्पिटलचा खर्च देतो, सही करा आणि विषय संपवा."

विषय संपवा! सही केली की पुन्हा काही मागता येणार नव्हतं. पुढचं ऑपरेशन याच्या गळ्यात, बंद राहिलेलं दुकान याच्या गळ्यात. हा माणूस पेन हातात घेऊन बसला होता. बायकोने पेन काढून घेतलं.

"अहो, थांबा. साहेब, दुसऱ्या ऑपरेशनचं काय? आणि यांना उभं राहता येत नाही, त्याचं काय?"

"तपासून कळवतो," साहेब म्हणाला.

तपासलं ते असं. काही दिवसांनी दुकानात नवं गिऱ्हाईक आलं. दाढी नको, फक्त केस बारीक करा म्हणालं. माझा माणूस कामाला लागला. मी आत होतो, म्हणून सांगतो. ढुंगण खुर्चीच्या हातावर टेकवलेलं, सगळा भार चांगल्या पायावर, आणि तरीही स्क्रू टोचत होता. घाम मानेवरून खाली येत होता.

"पाय कसा आहे आता?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"बरंय."

"उभं राहायला त्रास वगैरे?"

"छे हो! मान जरा खाली घ्या."

मी आतून ओरडत होतो. अरे गाढवा, हा तुझं गिऱ्हाईक नाही, कंपनीचा माणूस आहे! याला तुझ्या पायाची काळजी असती तर खिशातला फोन असा चालू ठेवून बसला असता का? पण रॉडचा आवाज हाडाबाहेर जात नाही. गिऱ्हाईक वर बक्षीसही देऊन गेलं. जखमेवर मीठ चोळण्याचं बक्षीस!

दुसऱ्या भेटीला नवरा-बायको कंपनीच्या कचेरीत गेले. साहेबाचा एक गाल पार सुजला होता. दाढ ठणकत असावी. कोमट पाण्याचा पेला पुढ्यात, रुमाल गालाला. आत शिरता शिरता बायकोने सवयीने विचारलं, "काय साहेब, कसं काय?"

"बरंय. बसा," साहेब गाल दाबून म्हणाला.

मग त्याने फोन काढला आणि दुकानातलं सगळं बोलणं ऐकवलं. 'बरंय.' 'छे हो!' खोलीत माझ्या माणसाचा आवाज घुमला. तो लाजेने खाली बघायला लागला. बायको त्याच्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता दुसरा पायही मोडतोय.

"हे यांचेच शब्द आहेत ना?" साहेब म्हणाला. "ते स्वतः बरंय म्हणतात. आम्ही काय करणार?"

कसला संताप आला म्हणून सांगू! ज्या शब्दाने या माणसाने जन्मभर लोकांना त्रास दिला नाही, तोच शब्द त्याच्या नरडीवर ठेवला होता. नाकाने कांदे सोलत बसला होता तो साहेब!

बायकोने साहेबाच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. मग म्हणाली, "साहेब, दाढ किती दिवस दुखतेय?"

"चार दिवस झाले. झोप नाही हो. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जातोय." आणि त्याने पुन्हा गाल धरला.

"मघाशी मी विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

साहेब पेल्यातलं पाणी एका बाजूने प्यायला.

"मग उद्या डॉक्टरकडे जाऊ नका," बायको म्हणाली. "तुम्ही स्वतः बरंय म्हणालात."

मला टाळ्या वाजवायला हात नाहीत, याचं दुःख मला तेवढ्यापुरतं झालं. साहेबाने फोन उलटा करून ठेवला आणि माझ्या माणसाकडे वळला. "बरं, तुम्हीच सांगा. दुखतं का?"

झालं! पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच सवय. त्याचे ओठ 'ब'साठी मिटलेलेही मला कळले. मी सगळा जोर लावला. खोटं कशाला बोलू, रॉडने काही होत नाही. स्क्रू टोचला तो बायकोने गुडघ्याजवळ हात दाबला म्हणून.

"दुखतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की साहेब पुढे वाकला. "खूप दुखतं. उभं राहिलं की इथे सुरी लागल्यासारखं. खुर्चीला टेकून कापतो. दोघांचे केस कापले की दुकान बंद करून आत पडून राहतो. गिऱ्हाइकाला कसं सांगणार हो? बापाने शिकवलंच नाही."

एवढं तो आयुष्यात सलग बोलला नव्हता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने संधी सोडली नाही. "लिहा साहेब. ऑपरेशन लिहा, बंद दुकान लिहा, आणि पुढे बसून काम करावं लागेल तेही लिहा. मग सही."

साहेब लगेच विरघळला असं समजू नका. वरच्यांना विचारतो म्हणाला, कमी करून बघितलं, आणखी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा याने बायकोने न सांगता तोंड उघडलं. शेवटी तिन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या, तेव्हाच पेन याच्या हातात आलं. माझ्या लढाईचा अर्थ काय होता, ते ध्यानात घ्या. आम्ही जिंकलो, ऑपरेशनचे पैसे मिळाले, म्हणून मला बाहेर काढलं.

आता मी दुकानात आहे, आरशाखाली, कंगव्यांच्या शेजारी. डॉक्टरांनी धुऊन परत दिलं, याने फेकलं नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं तोंड बघतोय. सुंदर वगैरे काही नाही, वाकडाच आहे थोडा.

राग गेला का? नाही. उभं राहून काम करणारा तो माणूस कुणी परत दिला नाही, आणि गाडीवाला अजून एकदाही विचारायला आला नाही. तुम्हालाही सांगतो. कुणाला 'कसं काय' विचारायचं असेल तर उत्तर ऐकायला थांबा. थांबायचं नसेल तर विचारू नका.

आज सकाळी एक जुनं गिऱ्हाईक आलं. खुर्चीत बसता बसता म्हणालं, "काय, कसं काय?"

माझ्या माणसाने कात्री खाली ठेवली. चाकांचं उंच स्टूल ओढलं.

"पाय दुखतोय आज," तो म्हणाला. "बसून कापलं तर चालेल का?"

"चालेल की," गिऱ्हाईक म्हणालं आणि मान खाली घेतली.