कप्तान ट्रेवेनन यांची दुर्बीण

मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे, मित्रांनो. लंडनच्या एका अरुंद गल्लीत मी घडले. भिंगे घासणारा म्हातारा कारागीर मला डोळ्याला लावायचा, कुरकुरायचा, पुन्हा खोलायचा. समोरच्या धुराड्यावर बसलेल्या कबुतराचा लाल डोळा त्याला स्पष्ट दिसला, तेव्हा कुठे मला चामड्याचे वेष्टन मिळाले.

विसावे शतक नुकतेच उजाडले होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा जॅगो ट्रेवेनन इंग्रजांच्या आरमारात अधिकारी झाला, आणि त्याच्या विधवा आईने मला त्याच्या हाती दिले. माल्टाच्या उन्हात आणि हाँगकाँगच्या धुक्यात आम्ही दोघे राबलो. वरिष्ठ त्याच्यावर खूश होते. “हा एक दिवस मोठ्या युद्धनौकेचा कप्तान होणार,” असे जेवणाच्या टेबलावर बोलले जाई. ते ऐकून मलाही अभिमान वाटे.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा तो ‘डॅबचिक’ नावाच्या छोट्या विनाशिकेचा कप्तान होता. उत्तर समुद्रात क्रूझर जातीच्या एका मोठ्या युद्धनौकेला सोबत करायचे काम आमच्याकडे होते. एका करड्या सकाळी प्रचंड दणका झाला. क्रूझरच्या कुशीतून पाण्याचा लोट उसळला आणि बघता बघता ते अवाढव्य जहाज कलंडले.

कप्तानाने मला उचलले. त्याची पापणी माझ्या कडेवर थरथरत होती. पाण्यात डोकीच डोकी होती, कोळशाने आणि तेलाने काळी झालेली.

“साहेब, थांबायचं नाही असा हुकूम आहे,” त्याचा दुय्यम अधिकारी लायनेल गारसाइड म्हणाला. “पाणबुडी इथंच कुठंतरी आहे. थांबलो की आपणही गेलो.”

“हुकूम मीही वाचलाय.”

“आपली माणसं तुमच्या भरवशावर आहेत, साहेब!”

“आणि पाण्यातली ती कुणाच्या?”

 गारसाइड भित्रा नव्हता, मित्रांनो. तो खरे तेच बोलत होता.

इंजिने थांबली. जहाजाच्या बाजूंनी दोरखंडाच्या जाळ्या सोडल्या गेल्या. खलाशी बुडणाऱ्यांना वर ओढू लागले. “ए टकल्या, हात दे की! लाजतोस काय नव्या नवरीसारखा?” बिडल नावाचा खलाशी ओरडत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते.

कप्तान मात्र त्यांच्याकडे पाहत नव्हता. मला डोळ्याला लावून तो समुद्र पिंजून काढत होता. प्रत्येक लाटेत त्याला पाणबुडीची पाण्याबाहेर डोकावणारी नळी दिसत होती. एकदा तर तरंगणारा झाडूचा दांडाच त्याला ती नळी वाटला. आणि मग खरोखरच काहीतरी दिसले. फेसाची एक सरळ रेघ आमच्याकडे धावत येत होती.

“टॉर्पेडो! मागे घ्या! पूर्ण वेगाने मागे!”

“जाळ्यांवर माणसं आहेत, साहेब!” गारसाइड किंचाळला.

“मागे!”

डॅबचिक थरथरत मागे सरकली. टॉर्पेडो आमच्या नाकासमोरून निघून गेला. त्या हिसक्याने जाळ्यांवरची काही माणसे निसटली. ती पुन्हा दिसली नाहीत. वर आलेल्या माणसांनी मात्र सगळा डेक भरून गेला होता.

हुकूम मोडल्याबद्दल पुढे चौकशी बसली. “पुन्हा तसा प्रसंग आला तर काय कराल?” असे त्याला विचारण्यात आले.

“थांबेन, साहेब. आणि पुन्हा माझी झोप उडेल.”

त्याला मोठी युद्धनौका कधीच मिळाली नाही. उत्तरेकडच्या एका बंदरात कोळशाच्या होड्यांवर देखरेख करण्यात त्याचे उरलेले युद्ध गेले. मी पेटीच्या तळाशी गेले. माझे पितळ हिरवे पडले.

युद्ध संपल्यावर एका दुपारी कॉर्नवॉलच्या घरी गारसाइड आला. तो आता मोठा अधिकारी होता. पेटी उघडी होती, म्हणून मला सारे ऐकू आले.

“माझ्यावरही तीच वेळ आली, साहेब. मी थांबलो नाही. मला पदक दिलं.”

“तुझी माणसं?”

“सगळी घरी गेली.”

“मग?”

“पाण्यातला एक जण हातसुद्धा हलवत नव्हता हो. नुसता आमच्याकडे बघत होता.”

 ट्रेवेनन म्हणाला, “जाळीवरचे मलाही दिसतात. बस, लायनेल. एवढ्यात जाऊ नकोस.”

त्याने खिडकीपाशी दुसरी खुर्ची ओढली. चहा गार झाला, तरी दोघे तिथेच होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या दुर्बिणीच्या भिंगावर बोट ओढू नका. चरा पडला की तो जात नाही. आणि कोणी मोठ्या संकटातून परत आला, तर त्याचे चुकले की बरोबर होते, हे विचारण्याची घाई करू नका. आधी त्याला बसायला जागा द्या.