लाल गोल

लॉगटेबलच्या पुस्तकातून ऑस्कर सरांनी ते पत्र अर्धं बाहेर ओढलं, आणि फाटकाची कडी वाजताच परत आत सरकवलं. दोन वर्षं चार महिने ते तिथेच होतं. उत्तर गेलं नव्हतं.

फाटकात जितेश उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं.

"सर, मीटर द्यायला आलो. तुमचा होता."

"ये रे, बस," आतून सरांच्या पत्नी सेलिनबाई म्हणाल्या. "किती वाळलायस. चहा टाकते."

जितेश सरांचा जुना विद्यार्थी. राजोडीला त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. बाकीचे मेकॅनिक आवाज ऐकून, प्लगचा रंग बघून कार्बुरेटर लावत. याला आकडे लागत. भंगारातल्या एका परदेशी गाडीचा सेन्सर काढून त्याने आपल्या मोटरसायकलच्या सायलेन्सरला बसवला होता. इंजिनात हवा जास्त जातेय की पेट्रोल, ते सरांनी दिलेल्या मीटरचा काटा सांगे. प्लगखाली तापमान मोजणारी तार सरांनी स्वतः जोडून दिली होती.

पुडकं टेबलावर ठेवून जितेश खुर्चीच्या कडेवर बसला.

"गॅरेज देऊन टाकतोय. नारळी पुनवेनंतर मामाच्या बोटीवर जाईन."

"बोटीला इंजिन असतं," सर म्हणाले.

"असूं दे. मी जाली ओढीन. इंजिनाला हात नाय लावनार."

सेलिनबाईंनी चहा आणून ठेवला. सरांनी बशी उगाच कपाखालून काढली, परत घातली.

जितेशच्या त्या पत्रात एक तक्ता होता. जेट, काटा, तापमान. पेट्रोल ज्या पितळी जेटमधून येतं त्याचं भोक जितेश ओळीगणिक बारीक करत गेला होता. शेवटच्या तीन ओळींत काटा एकाच जागी, मधोमध. तापमान मात्र एकशे सत्तर, एकशे पंचाण्णव, दोनशे वीस. खाली लिहिलं होतं, 'काटा आता हलतच नाही सर, म्हणजे मिश्रण बरोबर जमलं. तापतंय ते उन्हाळ्यामुळे असेल. चूक असेल तर कळवा.'

पत्र आलं त्याच संध्याकाळी, चौदा मार्चला, सरांना कळलं होतं. जेट तीनदा बदलूनही जो काटा हलत नाही, तो काही सांगतच नसतो; आणि इंजिन तापत होतं ते पेट्रोल कमी पडत गेल्यामुळे. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि शिशाने असला सेन्सर मरतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवेना. जन्मात त्यांनी मोटरसायकल चालवली नव्हती. आपण कोण सांगणारे? एक मसुदा केला, त्यात 'बहुधा' आला, फाडला. दुसऱ्यातही आला. मग त्यांनी कपाटातली पुस्तकं एकेक करून चाळायला घेतली. ते पान सापडलं सव्वीस मार्चला.

पंचवीसला कळंबच्या रस्त्यावर जितेशचं इंजिन तापून जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, आणि मागे बसलेली त्याची बायको विनया उडून दगडांवर पडली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

सर अंत्यविधीला गेले होते. मागे उभे राहिले आणि परत आले.

"मी खूप इचार केला, सर," जितेश कपात बघत म्हणाला. "मीटर बरोबर होता. हिशेब बरोबर होता, तुमीच म्हनालात. मग राहिला माझा हात. जेट नीट बसवला नसनार."

"मी कधी म्हणालो?"

"पत्र नव्हतं का पाठवलं? उत्तर नाय आलं." तो किंचित हसला. "तुमी वहीत बरोबर गनितावर कधी खूण केलीत? चुकलं तरच लाल गोल. पान कोरं दिसलं की आमी वर्गात नाचायचो."

"माझ्या कालवणाचंही तेच," सेलिनबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांत चांगलं झालंय असं कधी म्हटलं नाही. मीठ कमी पडलं की तेवढं तोंड उघडतं."

जितेश मोकळेपणाने हसला. सरांच्या बशीत चहा सांडला होता. त्यांनी तो पुसायला रुमाल काढला आणि हातातच धरून ठेवला.

जाताना तो वाकून पाया पडला. सरांनी तोंड उघडलं.

"सांभाळून जा," ते म्हणाले.

फाटक लागल्यावर ते टेबलाशी बसले. लाल पेन सुकलं होतं. शाई आणायला नाक्यापर्यंत जाऊन आले. मग पत्र उलगडून त्यांनी शेवटच्या तीन ओळींतल्या काट्याच्या आकड्यांभोवती लाल गोल काढला. तो नीट जुळला नाही. समासात लिहिलं, 'चूक. काटा मेला होता. जेट तू नीटच बसवलास.'

वही तपासली की ते खाली सही करून तारीख घालत. सही केली. बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसले. लाल ठिपका पसरत गेला. मग त्यांनी दोन तारखा लिहिल्या, एकीखाली एक.

तपासलं: १४ मार्च १९९८.
पाठवलं: ३ ऑगस्ट २०००.

पाकिटावरचा पत्ता सेलिनबाईंनी वाचला.

"राजोडी? रिक्षाने वीस मिनिटं. हातात नेऊन द्या की."

"तोंडाने नाही जमणार मला."

सेलिनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. छत्री काढून दिली.

वसईच्या पोस्टासमोर डाक काढायला आलेला माणूस पेटीला किल्ली लावत होता.

"आत टाकू नका आजोबा, माझ्याकडेच द्या. डाक आत्ताच निघतेय."

सरांनी पाकीट पुढे केलं. त्याने धरलं, तरी त्यांची बोटं सुटली नव्हती.

"द्या ना," तो म्हणाला.

सरांनी दिलं.